जेन डीन्सच्या घरापासून होमबुशच्या फाटकापर्यंत

शनिवार

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला रिकार्टन हाउसच्या, म्हणजे डीन्स कुटुंबाच्या जुन्या घराच्या, आवारात दर शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पाव, चीज, मध, मटण आणि कॉफीच्या गाड्यांभोवती रांगा. बाजूने एव्हन नदी वाहते. तिला नदी म्हणायचं म्हणून म्हणायचं, आपल्याकडे असली तर ओढ्यात जमा होईल. भाची म्हणाली, "मावशी, आधी घर बघून घे. एक वाजता इथलं सगळं आवरतात, मग तू म्हणशील की भाजी घ्यायची राहिली." आम्ही भाजी आधी घेतली.

क्राइस्टचर्चमध्ये येऊन लोक डोंगर बघायला जातात, तळी बघायला जातात. मला मेंढ्यांचं कुतूहल होतं. माझं आजोळ माण तालुक्यातलं, लहानपणी शेतात धनगरांची मेंढरं बसवलेली पाहिलेली. ज्या देशात १९८२ साली सात कोटी मेंढ्या होत्या आणि माणसं जेमतेम तीस लाखांवर, तिथला पहिला मेंढीवाला कोण, कुठून आला, त्याच्या घरच्यांचं काय झालं, हे बघायचं ठरवून आले होते. अख्ख्या देशातला पहिला शोधत बसलं तर वाद संपत नाहीत. क्राइस्टचर्च ज्यावर वसलंय त्या कँटरबरीच्या मैदानापुरतं मात्र उत्तर सोपं आहे: विल्यम आणि जॉन डीन्स, स्कॉटलंडच्या आयरशायरमधले दोघे भाऊ.

विल्यम थोरला. १८४० साली वेलिंग्टनला आलेल्या पहिल्या जहाजांपैकी 'अरोरा'वर तो होता. जॉन दोन वर्षांनी नेल्सनला उतरला. वसाहतवाल्यांना जमिनी विकणाऱ्या न्यूझीलंड कंपनीच्या जमिनी दोघांनाही पसंत पडल्या नाहीत, म्हणून १८४३ च्या सुरुवातीला ते दक्षिणेकडे सरकले, आजच्या क्राइस्टचर्चच्या जागी. तेव्हा इथे शहर नव्हतं. दलदल, गवत आणि मधोमध उरलेला जंगलाचा एक तुकडा. न्गाय ताहू या माओरी जमातीचे लोक त्या जागेला पुतारिंगामोटू म्हणत. त्याआधी सिडनीच्या एका व्यापाऱ्याची माणसं इथे शेती करून बघून गेली होती. उंदरांनी धान्य खाल्लं आणि त्यांनी गाशा गुंडाळला.

डीन्स बंधूंबरोबर गेबी आणि मॅन्सन अशी दोन शेतकरी कुटुंबं बायकामुलांसह होती. म्हणतात की पहिलं घर बांधायला घेतलं तेव्हा खिळे मागेच राहिले होते, म्हणून लाकडी खुंट्या ठोकून ते उभं केलं. ते घर आता नाही. त्याच वर्षी बांधलेली दुसरी खोपटी मात्र आहे. डीन्स कॉटेज. कँटरबरीच्या मैदानावरची सर्वांत जुनी उभी इमारत. मूळ जागेवरून उचलून हलवलेली, पण लाकूड इथल्याच जंगलातलं. खाली छोट्या खोल्या, वर माळा. दारातून आत जाताना मीसुद्धा वाकले, आणि माझी उंची काही सांगण्यासारखी नाही.

गुरं-मेंढरं आणायला जॉन ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८४३ च्या जूनमध्ये न्यू साउथ वेल्सहून परतला तो ६१ गुरं, तीन घोड्या आणि ४३ मेंढ्या घेऊन. त्रेचाळीस! माणमध्ये एखाद्या बेताच्या धनगराकडे याहून जास्त असतात. सुरुवातीची वर्षं खरं तर गाईंनीच तारली. चीज आणि लोणी करायचं आणि व्हेल मारणाऱ्यांच्या बंदरांत, वेलिंग्टनला, सिडनीला विकायचं. मेंढ्यांची लोकर पुढची. कळप वाढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पोट भरायला काहीतरी लागतं. पहिल्या शेतकऱ्यांच्या गोष्टींत हा दुधाचा भाग फार घाईने उरकतात.

मोठ्या घरात माहिती सांगायला एक वयस्क स्वयंसेविका होत्या. त्यांनी भावांचे सन-सनावळ पटापट संपवले आणि जिन्याशी थांबून म्हणाल्या, आता खरी गोष्ट. खरी गोष्ट म्हणजे जेनची.

विल्यम १८५१ च्या जुलैमध्ये मेंढ्या विकत घेण्यासाठी ऑस्ट्रेलियाला निघाला. 'मारिया' नावाचं त्याचं जहाज वेलिंग्टनजवळ टेराविटी भूशिराशी फुटलं आणि तो बुडाला. सगळा पसारा एकट्या जॉनवर आला. पुढच्या वर्षी तो स्कॉटलंडला गेला, सप्टेंबर १८५२ मध्ये त्याने जेन मॅकइलरेथशी लग्न केलं आणि तिला घेऊन 'मिनर्व्हा' जहाजाने परत निघाला. २ फेब्रुवारी १८५३ ला ते लिटल्टन बंदरात उतरले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. म्हणजे त्या समुद्रप्रवासाचा बराचसा भाग ती गरोदर होती. मुलाचं नावही जॉन. २३ जून १८५४ ला थोरला जॉन क्षयाने गेला. वय ३४. जेन ३१ वर्षांची, मूल दहा महिन्यांचं, माहेर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि राहायला तीच वाकून शिरायची खोपटी.

ती परत गेली नाही. जॉनने आखलेलं मोठं घर १८५६ मध्ये उभं राहिलं ते तिच्या देखरेखीखाली. विश्वस्त होते, व्यवस्थापक होते, तिचा भाऊही मदतीला होता, पण इस्टेट मुलगा सज्ञान होईपर्यंत टिकवून धरायची हे तिने ठरवलं होतं आणि वीस वर्षं ते धरून ठेवलं. १८७४ मध्ये मुलगा एकवीस वर्षांचा झाला, घराला नवा भाग जोडला गेला. त्याचं लग्न झालं, त्याला बारा मुलं झाली, आठ मुलगे आणि चार मुली. १९०० मध्ये घर आणखी वाढवलं. आज समोरून दिसतं ते देखणं, कोपऱ्याकोपऱ्यांचं घर म्हणजे तीन हप्त्यांत झालेलं बांधकाम आहे, आणि तिन्ही हप्ते जेनने पाहिले. मुलगाही १९०२ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत गेला. ती स्वतः १९११ पर्यंत जगली.

हिशेब मांडून बघा. विल्यम इथे आठ वर्षं राबला, जॉन मधले परदेशातले महिने धरूनही अकरा. जेन अठ्ठावन्न. 'पहिले वसाहतवाले डीन्स बंधू' असं पाटीवर लिहिलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही, पहिले तेच होते. पण घराणं म्हणून जे काही उभं राहिलं ते या बाईमुळे. म्हातारपणी तिने नातवंडांसाठी पत्रांच्या रूपात आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून आपल्याला त्या खोपटीतलं आयुष्य निदान थोडंफार कळतं. माणसं गेल्यावर कागदपत्रं उरतात, पण कुणीतरी बसून लिहिलेली असली तर.

दुपारी घरामागच्या जंगलात गेलो. रिकार्टन बुश. मांजरं, उंदीर, पोसम आत जाऊ नयेत म्हणून सगळ्या जंगलाला बारीक जाळीचं कुंपण आहे. दुहेरी दरवाजा, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आत काहिकाटिया झाडं, सरळसोट, काही सहाशे वर्षांपर्यंतची. पायाखाली लाकडी फळ्यांची वाट. मैदानावरच्या पूरजमिनीतलं असं जंगल आता एवढंच शिल्लक आहे, मोजक्या हेक्टरांचं.

काहिकाटियाच्या लाकडाला वास नसतो. म्हणून पुढे न्यूझीलंडचं लोणी इंग्लंडला पाठवायच्या खोक्यांसाठी त्याचा खप झाला आणि देशभर या झाडांची रानंच्या रानं उडाली. दूधलोण्यावर जगलेल्या घरात हे एवढं रान राहिलं हा योगायोग नव्हे. जॉनने मरताना बायकोला सांगितलं होतं की हे राखायचं. आजूबाजूला शहर वाढत होतं, जळणाला आणि घरांना लाकूड हवं होतं, भाव चांगला होता. तिने राखलं. तिच्या मागे १९१४ मध्ये कुटुंबाने ते शहराला देऊन टाकलं, कायदा करून. घरही १९४७ मध्ये सार्वजनिक झालं.

भाचीचा नवरा संगणकवाला. तो बराच वेळ वर बघत उभा होता. मग म्हणाला, "मावशी, इथे चार वर्षं राहतोय, रोज या रस्त्याने ऑफिसला जातो. आत आज आलो."

रविवार

लिटल्टन. शहर आणि बंदर यांच्या मध्ये पोर्ट हिल्स आडव्या पडल्या आहेत. आता मोटारीचा बोगदा आहे, १९६४ चा, काही मिनिटांत आरपार. आगगाडीचा बोगदासुद्धा १८६७ चा. म्हणजे जेन उतरली तेव्हा डोंगर ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. त्या पायवाटेला ब्रायडल पाथ म्हणतात आणि आजही ती चढता येते. भाची आणि तिचा नवरा चढून आले. मी खाली बंदरावर बसून मासे आणि बटाट्याचे काप खाल्ले.

लिटल्टनहून बंदराच्या कडेकडेने रस्ता जातो. वाटेत रापाकी, न्गाय ताहूंची वस्ती, छोटं चर्च, खाली खाडी. इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण डीन्सच्या घरात ती दोन ओळींत येते. १८४६ मध्ये दोघा भावांनी न्गाय ताहूंशी करार करून जमीन भाड्याने घेतली होती. पुतारिंगामोटूपासून प्रत्येक दिशेला सहा मैल. भाडं वर्षाला आठ पौंड. ज्यांची जमीन त्यांनाच विचारून, सह्या करून, वर्षाकाठी पैसे देऊन राहायचं. रक्कम फुटकळ होती हे खरं, पण घरमालक कोण याबद्दल दोन्हीकडे शंका नव्हती. सरकारला मात्र खासगी माणसांनी परस्पर असे करार करणं मंजूर नव्हतं. १८४८ मध्ये सरकारने दक्षिण बेटाचा प्रचंड मोठा भाग न्गाय ताहूंकडून २००० पौंडांना घेतला. त्यांच्यासाठी पुरेशा जमिनी राखून ठेवण्याचं आश्वासन होतं, ते पाळलं गेलं नाही. दीडशे वर्षं भांडल्यावर १९९८ मध्ये कायदा झाला, सरकारने माफी मागितली आणि १७ कोटी डॉलर दिले.

दोघा भावांचं काय झालं? १८५० च्या डिसेंबरमध्ये इथे इंग्रजी वसाहत वसवणाऱ्या कँटरबरी असोसिएशनची पहिली चार जहाजं आली, शहर आखलं गेलं, आणि डीन्सना रिकार्टनला ४०० एकरांवर तडजोड करावी लागली. भाडेकराराच्या मानाने हे काहीच नव्हतं. त्याच्या बदल्यात दूर डोंगरपायथ्याशी ३३,००० एकरांचं कुरण मिळालं, ते होमबुश. तिकडे मंगळवारी जायचं होतं. रिकार्टन हे नाव त्यांच्या गावाकडच्या परगण्याचं, आणि नदीला एव्हन हे नावही त्यांनीच सुचवलेलं, स्कॉटलंडमधल्या एका एव्हनवरून. लोकांना ती शेक्सपिअरची एव्हन वाटते.

खाडीच्या टोकाला टेडिंग्टन. गेबी आणि मॅन्सन कुटुंबं १८४५ मध्ये डीन्सकडचं काम सोडून स्वतःची शेती करायला इथे आली. ज्या खिंडीतून आम्ही परत फिरलो तिचं नाव गेबीज पास. डीन्सचं नाव घरावर आणि बागेवर आहे. त्यांच्या गड्यांचं नाव डोंगरावर आहे, हे मला फार आवडलं.

येताना शहराच्या दक्षिणेला कॅशमिअर हा डोंगरउतारावरचा भाग लागतो. हे नाव चक्क काश्मीरवरून. सर जॉन क्रॅक्रॉफ्ट विल्सन, जन्म १८०८, मद्रास, बंगाल सनदी सेवेतला अधिकारी. १८५४ मध्ये, म्हणजे जेनच्या नवऱ्याचा मृत्यू झाला त्याच वर्षी, तो हिंदुस्थानी नोकर घेऊन इथे आला, मेंढपाळीची मोठी इस्टेट केली आणि तिला कॅशमिअर नाव दिलं. मध्येच हिंदुस्थानात परत गेला आणि १८५७ मध्ये मुरादाबादला न्यायाधीश होता. उठाव शमल्यावर पुन्हा इकडे येऊन १८८१ मध्ये मरेपर्यंत राजकारण आणि मेंढ्या. लोक त्याला 'नवाब' विल्सन म्हणत. शालामार ड्राइव्हवर दगडी इमारत आहे, सुमारे १८७० ची, नोकरांच्या राहण्यासाठी बांधलेली. बाहेरून पाहिली. दलदल उपसायला आणि कुंपणं लावायला ते हात होते. डीन्सच्या गड्यांची नावं डोंगरांना मिळाली, यांच्यातल्या किती जणांची नावं कुणाला सांगता येतील? भाची गाडीत गप्प होती. मग म्हणाली, आमच्या आधीचे क्राइस्टचर्चकर भारतीय हेच की.

सोमवार

पाऊस. दक्षिणेकडचा गार वारा, नोव्हेंबरात स्वेटर. शहरातल्या तुरंगा वाचनालयात बसून वाचलं आणि घरी येऊन पिठलं-भात. एवढंच.

मंगळवार

हवा उलटली. वायव्येचा गरम, कोरडा वारा सुटला. डोंगरावर ढगांची लांबच लांब कमान आणि तिच्याखाली निळं आकाश. इथले लोक ती कमान बघून आजचा वारा ओळखतात. पश्चिमेकडच्या ओल्या वाऱ्याचं पाणी इथल्या दक्षिण आल्प्स डोंगरांच्या त्या अंगाला पडून जातं आणि या अंगाला नुसती ऊब उतरते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या माणच्या माणसाला पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही.

डार्फील्डच्या दिशेने रस्ता सरळ, आखलेला. दोन्ही बाजूंना वारा अडवायला पाइनच्या उंच कुंपणभिंती. जॉन डीन्सच्या काळात इथे डोळ्यांना टेकायला झाड नव्हतं, नुसतं टसॉक गवत. कुंपणंही नव्हती. मेंढके हद्दीवरच्या झोपडीत एकटे राहायचे, पलीकडचा कळप यात मिसळू नये म्हणून रोज हद्द फिरायचे. मेंढ्यांच्या खरजेची धास्ती सगळ्यांत मोठी, कारण एका आजारी कळपामुळे शेजारच्या सगळ्यांची लोकर वाया जायची. माणमधले धनगर आत्ता, दिवाळी झाल्यावर, वाडे घेऊन कोकणाच्या वाटेला लागले असतील. इथे मेंढी तारेच्या आत आहे आणि मेंढका कुठे दिसत नाही, कुत्री आणि चारचाकी मोटारसायकल दिसते.

आणि मेंढ्यासुद्धा आम्हाला वाटल्या तेवढ्या दिसल्या नाहीत. मैदानावर आता पाण्याची लांबलचक चाकांवरची यंत्रं फिरतात आणि खाली गाई चरतात. १८८२ मध्ये गोठवलेलं मांस घेऊन पहिलं जहाज इंग्लंडला गेलं तेव्हापासून मेंढी म्हणजे लोकर हे समीकरण मोडलं. नंतर लोकरीचा भाव पडत गेला आणि दुधाचा वाढला. सात कोटींवरून मेंढ्या आता अडीच कोटींच्या खाली आल्या आहेत. भावांनी गाईंपासून सुरुवात केली होती, मैदान पुन्हा गाईंकडे गेलं.

जमीन हळूहळू चढायला लागली, माल्व्हर्न टेकड्या आल्या, आणि इथे मेंढ्या होत्या. कोकरं आईच्या मागे. होमबुश खासगी शेत आहे, आम्ही फाटकाच्या आत गेलो नाही. डीन्स कुटुंब अजून इथेच शेती करतं. इथला विटांचा मोठा वाडा बघण्यासारखा होता म्हणतात. ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे डार्फील्डजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो वाडा दुरुस्तीपलीकडे मोडला. पाडावा लागला. रिकार्टनचं लाकडी घरही त्या भूकंपांत हललं, पण दुरुस्त होऊन २०१४ मध्ये उघडलं. लाकूड वाकतं, वीट वाकत नाही. होमबुशला भरभराट आली तेव्हा वीट आली, आणि वीट तरी कुठली, इथल्याच मातीची आणि इथल्याच कोळशाची. टेकड्यांत कोळसा सापडला होता. पुढच्या गावाचं नावच कोलगेट आहे. दात घासण्याशी संबंध नाही, हा विनोद भाचीच्या नवऱ्याने केला आणि तोच हसला.

त्याच्या पुढे ग्लेनटनेल. रस्त्याकडेला विटांचं अष्टकोनी वाचनालय, एका खोलीएवढं, १८८६ चं. वीट इथलीच. कोळशाच्या खाणीत आणि वीटभट्टीत राबणाऱ्या माणसांचं हे वाचनालय मला वाड्यापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटलं. समोरच्या बाकावर डबा उघडला. मेथीचे पराठे आणि लोणचं, वाऱ्यात वाळू खात.

तिथे बसल्यावर नातवंडांची गोष्ट निघाली. भाचीचा नवरा रग्बी बघतो, म्हणून त्याला एक नाव माहीत होतं: बॉब डीन्स. जेनच्या बारा नातवंडांपैकी एक. १९०५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या न्यूझीलंडच्या संघात तो होता. १६ डिसेंबरला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध तो चेंडू घेऊन रेषेपलीकडे पोचला की अलीकडेच पडला यावर आजतागायत वाद चालू आहे. पंचाने गुण दिले नाहीत, न्यूझीलंड ०-३ ने हरलं, सबंध दौऱ्यातली ती एकच हार. बॉब १९०८ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर गेला, चोविसाव्या वर्षी. त्याच्याच घराण्यातला रॉबी डीन्स पुढे क्रुसेडर्स या रग्बी संघाचा आणि मग ऑस्ट्रेलियाच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

"म्हणजे आजी तेव्हा होती?" भाचीने विचारलं.

होती. पंच्याऐंशी वर्षांची. नवरा, मुलगा आणि आता हा नातू. वेल्समधल्या त्या चेंडूबद्दल तिचं मत काय होतं कोण जाणे. नातवाच्या बाजूनेच असणार.

परतताना डार्फील्डला पेट्रोल भरलं. वारा इतका होता की गाडीचं दार धरून उघडावं लागत होतं. बुधवारी भाचीला कामावर जायचं होतं, मला परतीच्या विमानाची बॅग भरायची होती, आणि शनिवारची कोबी अजून तशीच फ्रीजमध्ये होती.